एकमताचे सोवळे

पोथीतले वचन पुराव्याशिवाय न मानणारा आणि बाबाच्या अंगाऱ्याला हसणारा आपल्यातला भलाभला चिकित्सक एका ठिकाणी मात्र निमूटपणे हात जोडतो. ‘सर्व गुप्तचर संस्थांचे यावर एकमत आहे’ एवढे वाक्य त्याला पुरते. कोणत्या संस्था, कशावर एकमत, ते कोणी आणि किती दिवसांत घडवले, हे विचारणे त्याला देशद्रोहाच्या जवळचे वाटू लागते. आगरकरांनी ज्या शब्दप्रामाण्याशी झुंज दिली, ते आज ‘अतिगोपनीय’ असा शिक्का मारून आपल्यासमोर येते आणि आपण त्याला वाट करून देतो.

या श्रद्धेची किंमत काय पडते, ते अमेरिकेच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते. 2002 च्या सप्टेंबरात इराकवर स्वारीची भाषा सुरू झाली होती. सिनेटच्या गुप्तचर समितीतील डेमोक्रॅट सदस्यांनी विचारले, की इराकच्या शस्त्रांविषयी सर्व संस्थांनी मिळून केलेला अंदाज कुठे आहे? तो केलेलाच नव्हता. राष्ट्राला युद्धाकडे नेणारे पुढे निघाले होते आणि धोका किती, याचे गणित मागाहून मांडले जाणार होते.

असा संयुक्त अंदाज बनवण्याची रीत मुळात शहाणपणाची आहे. त्या विषयाचा अधिकारी मसुदा करतो, तो सगळ्या संस्थांकडे जातो, मग त्यांचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसून वाक्यावाक्यावर भांडतात. ज्या संस्थेला निष्कर्ष पटत नाही, तिला आपले भिन्नमत त्याच कागदावर नोंदवता येते. शेवटी प्रमुखांचे मंडळ मान्यता देते. एरवी या कामाला महिने लागतात. या वेळी मसुदा 23 सप्टेंबरला वाटला गेला, 25 तारखेला एका दिवसाच्या बैठकीत त्यावर चर्चा आटोपली आणि 1 ऑक्टोबरला सुमारे नव्वद पानांचा अंदाज मंजूरही झाला.

वादाचा मोठा मुद्दा होता ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा. इराक परदेशातून मजबूत नळ्या मागवत होता. त्या युरेनियम समृद्ध करणाऱ्या सेंट्रिफ्यूजसाठी आहेत, असे सीआयएचे म्हणणे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्यातील तज्ज्ञांचे आयुष्य सेंट्रिफ्यूजमध्ये गेलेले. ते म्हणाले, ही मापे त्या कामाची नाहीत, इराक जे 81 मिलिमीटरचे साधे रॉकेट बनवतो त्याला ती जुळतात. परराष्ट्र खात्याच्या गुप्तवार्ता शाखेने त्यांना दुजोरा दिला आणि एकूणच इराकने अणुकार्यक्रम पुन्हा उभारल्याचा पुरेसा पुरावा दिसत नाही, असे लेखी नोंदवले. आफ्रिकेतून युरेनियम मिळवण्याच्या प्रयत्नाची बातमी तर तिला अत्यंत संशयास्पद वाटत होती. हे मतही अहवालात आले, पण युरेनियमची मूळ चर्चा जिथे होती तिथून सुमारे साठ पाने दूर, एका चौकटीत. इतक्या अंतरावर ठेवलेला इशारा वाचकाला सापडलाच, तर तो योगायोग म्हणायचा.

तीनच दिवसांनी, 4 ऑक्टोबरला, लोकांसाठी छोटी आवृत्ती निघाली. मूळ अहवालातील ‘आमच्या मते’, ‘आमचा अंदाज असा’ हे सावध शब्द तिच्यातून बहुतेक गळले आणि अनुमाने वस्तुस्थितीच्या थाटात उभी राहिली. नळ्यांबद्दल बहुतेक तज्ज्ञांचे मत सेंट्रिफ्यूजच्या बाजूने आहे, काहींना मात्र वेगळे वाटते, एवढेच तिथे राहिले. ज्यांना या यंत्रातले सर्वाधिक कळत होते, तेच ‘काही’ ठरले! ज्ञानाच्या प्रश्नावर डोकी मोजली की असेच होते. रोग्याला काय झाले आहे, हे वॉर्डातल्या सर्वांचे हात वर करून घेऊन ठरत नसते.

पण सगळे पाप लेखकांच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नाही. संपूर्ण अहवाल सिनेटरांना वाचता येत होता. तो शेवटपर्यंत वाचणारे अगदी मोजके निघाले. समितीचे अध्यक्ष बॉब ग्रॅहम यांनी तो वाचला आणि युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत दिले. ठराव 77 विरुद्ध 23 मतांनी संमत झाला. पुढे सुमारे साडेचार हजार अमेरिकी सैनिक आणि लाखाहून अधिक इराकी नागरिक मेले. नव्वद पाने वाचण्याचा कंटाळा हा खासगी दोष असू शकतो. ज्याच्या हात वर करण्यावर परक्या देशातल्या माणसांचा जीव अवलंबून आहे, त्याच्या बाबतीत तो नैतिक गुन्हा आहे.

इथे एक सुजाण वाचक मला अडवील, आणि त्याने अडवावेच. तो म्हणेल, भिन्नमताची आरती कशाला ओवाळता? इराककडे रासायनिक आणि जैविक शस्त्रे आहेत, या निष्कर्षाला तर कोणीच विरोध केला नव्हता. परराष्ट्र खात्याची ती शाखासुद्धा त्यात सामील होती आणि तीही चुकली. अगदी बरोबर. म्हणूनच वेगळे मत मांडणारा नेहमी खरा असतो, अशी नवी अंधश्रद्धा मला रुजवायची नाही. पण ते एकमत कशाचे होते, हे पाहा. फिरत्या जैविक प्रयोगशाळांची गोष्ट मुख्यतः एका माणसाच्या तोंडून आली होती. तो जर्मनीत आश्रय घेतलेला इराकी अभियंता होता आणि त्याचे सांकेतिक नाव होते ‘कर्व्हबॉल’. त्याच्या जबान्यांवरून सुमारे शंभर अहवाल निघाले. अमेरिकी विश्लेषकांना त्याची स्वतः उलटतपासणी करायला मिळालेली नव्हती. शंभर कागद दिसत होते, साक्षीदार एक होता, आणि आपण खोटे बोललो हे त्याने 2011 मध्ये स्वतःच सांगितले. तेव्हा संयुक्त तपासणीत प्रत्येक संस्थेचे मत विचारणे पुरत नाही. ते मत तिच्याकडे आले कुठून, हेही विचारावे लागते. दहा संस्था एकाच विहिरीचे पाणी प्याल्या असतील, तर त्यांचे एकमत म्हणजे एकच मत दहा वेळा लिहिलेले.

दुसरा आक्षेप असा, की इतक्या शंका काढत बसले तर शत्रू दारात येईल. शंका काढणे आणि निर्णय लांबवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. अनिश्चितता ठाऊक असूनही राज्यकर्त्याला निर्णय घेता येतो, घ्यावाही लागतो. अनिश्चितता झाकून घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी मात्र पुढे कोणीच स्वीकारत नाही. प्रत्येक जण म्हणतो, आम्ही सर्वांच्या सोबत होतो. सिनेट समितीच्या 2004 च्या अहवालाने मुख्य निष्कर्षांपैकी बहुतेक अतिरंजित किंवा पुराव्याला न धरणारे ठरवले. तोवर बगदाद पडून वर्ष उलटले होते.

इस्रायलने 1973 च्या युद्धात गाफील सापडल्यावर धडा घेतला आणि लष्करी गुप्तचर विभागात मुद्दाम उलट बाजू मांडणारा कक्ष उभा केला. कल्पना चांगली होती. तरी 7 ऑक्टोबर 2023 चा हमासचा हल्ला टळला नाही. विरोध करणे ही एखाद्याची नेमून दिलेली नोकरी झाली, की बाकीचे तो विरोध सवयीने ऐकतात आणि सवयीने बाजूला सारतात. अशाने भिन्नमताचेही कर्मकांड होते. शंका घेणाऱ्याला उत्तर देणे बंधनकारक नसेल, तर त्याची खुर्ची केवळ शोभेची.

आता आपल्याकडे पाहू, कारण परक्यांच्या चुका मोजण्यात आपण फार तरबेज आहोत. 1962 च्या पराभवानंतर संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांनी 2 सप्टेंबर 1963 रोजी लोकसभेत कबूल केले होते, की गुप्तवार्ता मिळण्याचा वेग मंद होता, ती मोघम स्वरूपात कळवली जात होती आणि त्यामुळे तिचे मूल्यमापनही अचूक झाले नसावे. इतका स्पष्ट कबुलीजबाब आपल्या मंत्र्यांकडून क्वचितच मिळाला आहे. 1965 मध्ये संयुक्त गुप्तवार्ता समिती लष्करप्रमुखांच्या समितीकडून मंत्रिमंडळ सचिवालयाकडे आली. म्हणजे सर्वांच्या माहितीची एकत्र चाळणी करणारी संस्था आपल्याकडे होती.

मग कारगिल घडले. के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीला आढळले, की आयबीच्या प्रमुखांनी जून 1998 मध्येच त्या भागातील पाकिस्तानी हालचालींविषयी पत्र लिहिले होते. ते पंतप्रधान, गृहमंत्री आणि काही वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे गेले. ‘रॉ’च्या सचिवांना, लष्करी गुप्तवार्ता प्रमुखांना आणि संयुक्त समितीच्या अध्यक्षांना मात्र ते पाठवलेच नव्हते. ज्यांचे कामच ती माहिती तपासून इतर माहितीशी जुळवणे हे होते, त्यांनाच वगळून माहिती थेट वर गेली. सत्तेच्या कानाशी आपण किती जवळ आहोत हे दाखवण्याची हौस तपासणीला हरवते, ती अशी. देवाजवळ बसण्यासाठी पुजाऱ्यांत चालणारी ओढाताण आपण देवळात ओळखतो, सचिवालयात ओळखत नाही.

गुप्तता हवी, हे मला मान्य आहे. खबऱ्याचे नाव, साधने, ठिकाणे झाकलेलीच असावीत. पण अंदाज कोणत्या पद्धतीने बांधला, त्यावर कोणी आक्षेप घेतला आणि त्याला काय उत्तर दिले गेले, हे लोकप्रतिनिधींपासून लपवल्याने कोणाही खबऱ्याचा जीव वाचत नाही. लपवणाऱ्याची अब्रू तेवढी वाचते. अमेरिकेत सिनेटच्या समितीने पाचशेहून अधिक पानांत आपल्याच यंत्रणेची चिरफाड करून ती छापली. ब्रिटनमध्ये इराकयुद्धावरचा चिलकॉट अहवाल 2016 मध्ये उशिरा का होईना, लोकांपुढे आला. आपल्याकडे 1962 वरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. गुप्तचर संस्थांना कायद्याच्या चौकटीत आणून संसदेच्या देखरेखीखाली आणावे, यासाठी खासदार मनीष तिवारी यांनी 2011 मध्ये खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही. आयबी आणि रॉ या दोन्ही संस्था आजही संसदेच्या स्वतंत्र कायद्याने स्थापन झालेल्या नाहीत, आणि त्यांच्या एखाद्या अंदाजावर आतल्या कोणी हरकत घेतली होती का, हे विचारण्यासाठी संसदेत खास समिती नाही.