नृत्य, आरोग्य आणि फलाची इच्छा

देह हे साधन आहे, हे तत्त्व आपण सर्वजण तोंडाने मान्य करतो. परंतु नृत्याचा विषय निघाला की पुष्कळ सद्गृहस्थ दोन टोकांना जातात. कोणी म्हणतात, नाचणे हा चित्त चळविणारा विलास होय. संसारी व वयस्क माणसाला तो शोभत नाही. दुसरे म्हणतात, विज्ञानानेच आता नृत्य हितकर ठरविले आहे, तेव्हा औषधाच्या मात्रेप्रमाणे ते रोज घ्यावे. या दोन्ही मतांचा शांतपणे विचार केला पाहिजे.

कुरुक्षेत्रावर ज्याला गीतेचा उपदेश झाला, त्याच अर्जुनाने त्यापूर्वी अज्ञातवासाच्या वर्षी बृहन्नडा होऊन विराटकन्या उत्तरेला नृत्यगीत शिकविले होते. गांडीव धरणाऱ्या हातांनी ते कर्म केले, म्हणून त्यांचे तेज उणे झाले नाही. तेव्हा नृत्य स्वभावतः सदोष नाही. कर्त्याच्या भावाप्रमाणे ते सात्त्विक, राजस किंवा तामस होते.

आता दुसरे मत. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ वृद्धांची सुमारे पाच वर्षे पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. वाचन, पटावरील खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. शारीरिक व्यवसायांपैकी हा संबंध एकट्या नृत्याच्या बाबतीत दिसला. अमेरिकेतीलच सेंट लुईस येथे कंपवाताच्या रोग्यांना टँगो नावाचे जोडीचे नृत्य शिकविले, तेव्हा त्यांचा तोल सुधारला. २०२४ साली खिन्नतेच्या विकारावरील २१८ प्रयोगांचा एकत्र विचार झाला. त्यांत नृत्याचा गुण मोठा दिसला, मात्र नृत्याविषयीचे प्रयोग थोडे असल्याने अभ्यासकांनी सावधपणेच बोलावे असे ठरविले. हा सावधपणा आपणही राखावा. ज्यांची बुद्धी शाबूत आहे तेच नाचावयास जात असतील, अशी शंका ब्राँक्सच्या पाहणीविषयी राहतेच.

परंतु सर्वांत विचारणीय प्रयोग ब्राझील देशातील आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी तेथील २६४ विद्यार्थ्यांना लहान लहान गटांत नाचविले आणि २०१५ साली त्याचा वृत्तान्त दिला. काही गटांना सर्वांनी एकाच वेळी एकच हालचाल करण्यास सांगितले, काहींना निरनिराळ्या. काहींना श्रमाच्या, काहींना अल्प श्रमाच्या. नंतर दंडावर रक्तदाब मोजण्याची पट्टी आवळून वेदना कोठवर सहन होते ते पाहिले. श्रमाने सहनशक्ती वाढली, हे अपेक्षितच होते. पण एकतालाने हलणाऱ्यांची सहनशक्ती श्रम थोडे असतानाही वाढली, आणि सोबत्यांविषयीची आपुलकीही वाढली.

याचा अर्थ काय? हातपाय हलविण्याचे फळ एक आणि दुसऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळविण्याचे फळ वेगळे. हे दुसरे फळ कोणाला एकट्याला हिसकावून घेता येत नाही. फेरात उभे राहून जो आपलीच नाडी मोजतो, त्याचा ताल चुकतो आणि शेजाऱ्याचाही चुकतो.

येथे कोणी विचारील, 'मग आरोग्याची इच्छाच धरू नये काय?' अवश्य धरावी. आहार-विहार युक्त असावा असे गीतेचा सहावा अध्याय सांगतो, आणि शरीर निरोगी राखणे हे गृहस्थाचे कर्तव्यच आहे. मात्र फेरात शिरल्यावर चित्त तालाकडे व सोबत्यांकडे द्यावे. आरोग्य यावयाचे तर त्यामागून येईल. न आले तरी केलेले कर्म वाया गेले असे होत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. ताल माणसांना जोडतो, पण कशासाठी जोडतो हे तो पाहत नाही. विल्यम मॅक्नील या इतिहासकाराने १९९५ सालच्या आपल्या ग्रंथात दाखविले आहे की, सामुदायिक नृत्याने जी एकजूट होते तीच सैन्याच्या कवायतीनेही होते. एकत्र नाचणारा जमाव प्रेमाने भरेल, तसा उन्मादानेही भरेल. प्रत्येक फेराला आत असते, तसे बाहेरही असते. म्हणून फेराच्या बाहेर कोण उरले, हा खरा धर्माचा प्रश्न आहे.

मंगळागौरीच्या रात्री माजघरात फुगड्या रंगतात, झिम्मा घुमतो. आणि घरातील विधवा काकू किंवा वृद्ध सासू स्वयंपाकघरात पानांची तयारी करीत असते. तिला कोणी मज्जाव केलेला नसतो. केवळ कोणी बोलावलेले नसते. गुजरातेतील गरबा असो की आसामातील बिहू, आपापल्या घरी व अंगणी प्रत्येकाने हे पाहावे. ज्या माणसाचा संग तुटला आहे, त्यालाच संगाची गरज सर्वांत अधिक. आणि आपण औषध निरोग्यांस वाटून रोग्याला दाराबाहेर ठेवतो.

अतएव प्रत्येक गृहस्थाने येत्या सणाला एवढे तरी करावे. जो कोपऱ्यात बसला आहे, त्याच्याजवळ स्वतः जावे आणि हात पुढे करावा. गुडघे दुखत असतील तर बसल्या जागी टाळी धरू द्यावी. हृदयाचा विकार असेल तर वैद्याला विचारून बेताने चालावे. त्या एका हातासाठी फेर क्षणभर मंदावला, तरी ताल मोडला असे समजू नये.