पुरेल इतकीच आच

बसा. खांदे सैल सोडा.

ताडकळस गावची दुपार आहे. मे महिना आहे. बाहेर ऊन रणरणतंय आणि रस्ता ओस पडलाय.

समोर टेबल आहे. टेबलावर कुणा शेतकऱ्याची बॅटरी उघडून ठेवली आहे. तिच्यात एक एलईडी डाखाने, म्हणजे सोल्डरने, जोडायचा आहे.

पंखा बंद करा. त्याच्या वाऱ्याने डाख अवेळी गार होतो.

खिडकी मात्र उघडी राहू द्या.

एक श्वास घ्या. सावकाश सोडा.

आता तो एलईडी पाहा. फक्त तोच पाहा.

पाच मिलिमीटरचा गोल माथा. खाली दोन पाय. लांब पाय धन, आखूड पाय ऋण. माथ्याची कड एका बाजूला चपटी आहे. तिकडे ऋण.

आणखी जवळ या. काचेसारख्या त्या एपॉक्सीच्या आत बघा. एक बारका चौकोनी ठिपका दिसतो. त्याच्यावरून एक तार निघते, केसाहूनही बारीक.

रात्री लाइट आली की मोटार चालू करायला माणूस शेतात निघतो. त्याच्या पायापुढचा उजेड या तारेवर अवलंबून आहे.

जरा थांबा. या तारेपाशीच थांबा.

पाय तापला की आच वर चढते. एपॉक्सी मऊ पडते. तेवढ्यात पाय ओढला गेला तर आतली तार तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही.

म्हणून पाय आत्ताच वाकवून घ्या, गार असताना. बॅटरीतल्या पट्टीच्या भोकात अलगद बसू द्या. कुठे ताण राहिलाय का, बोटांना विचारा.

श्वास घ्या.

आता डाखाची तार हातात घ्या. तिचं मऊपण बोटांना कळू द्या.

कथील 232 अंशांना वितळतं. शिसं 327 अंशांना.

63 भाग कथील आणि 37 भाग शिसं एकत्र आलं, की ते 183 अंशांनाच वितळतं. दोघांच्याही खाली.

हे मनात मुरू द्या.

हा डाख पातळ असतो आणि गार होताच घट्ट होतो. मधे लगदा होत नाही. 60-40च्या डाखात तो थोडा वेळ असतो. तेवढ्यात हात हलला तर सांधा निस्तेज होतो, आतून कच्चा राहतो.

शिसं टाळलेला डाखही मिळतो. कथील, चांदी, तांबं. तो 217 अंशांच्या पुढे वितळतो. त्याला आच जास्त लागते.

बिस्मथचाही एक आहे. 42 भाग कथील, 58 भाग बिस्मथ. तो 138 अंशांनाच पाझरतो. नाजूक भागांना तो मानवतो, पण ठिसूळ असतो. बॅटरी हातातून पडते, बांधावर आपटते. शिवाय जुन्या सांध्यातलं शिसं त्यात मिसळलं, तर काही भाग 96 अंशांच्या आसपासच सुटतो.

या बॅटरीसाठी 63-37 उचला. त्यात शिसं आहे. काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

घाई नाही.

कल्हईवाला आठवा. तो भांडं आधी घासतो. मग तापवतो, नवसागर टाकतो, आणि मगच कथील फिरवतो. कथील स्वच्छ धातूलाच धरतं.

इथेही आधी घासा. पाय घासा, पट्टी घासा. धातू उजळेपर्यंत.

नवसागर इथे नको. तो मागे राहतो आणि तांबं खातो. इथे राळ पुरते. ती डाखाच्या तारेच्या पोटातच भरलेली आहे.

आता चिमटा घ्या. एलईडीचा माथा आणि सांधा यांच्या मधोमध पाय धरा. वर चढणारी आच चिमटा स्वतःकडे घेईल.

सांधा माथ्यापासून निदान तीन मिलिमीटर दूर असू द्या.

सोल्डरिंग आयर्न तापलंय. टोक 330 ते 350 अंशांवर आहे. भीती वाटते. वाटू द्या.

भीतीपोटी आच कमी ठेवली, तर डाख लवकर वितळत नाही. हात तिथेच रेंगाळतो. तोवर आच पाय चढून वर पोचते. नाजूक वस्तूला खरा त्रास या रेंगाळण्याचा होतो.

एलईडीच्या माहितीपत्रकांत पायासाठी बहुधा 260 अंश आणि पाच सेकंद अशी मर्यादा दिलेली असते. आपण तीनमध्ये उरकू.

टोक पुसा. त्यावर डाखाचा एक कण घ्या.

श्वास घ्या. धरू नका. चालू द्या.

एक. टोक पायाला आणि पट्टीला एकदम टेकवा.

दोन. डाखाची तार सांध्याला लावा. टोकाला नको. डाख पळतो, पायाभोवती पसरतो, चकाकतो.

तीन. तार काढा. टोक काढा.

हलू नका.

राळेचा धूर वर जातोय. तोंड बाजूला घ्या. तो खिडकीकडे जाऊ द्या.

सांधा पाहा. तो पसरट आहे, उतरत्या कडांचा. पायाचा आकार त्यातून अजून दिसतो.

असं काम आणखी हातांनीही केलं आहे. आयआयटी मुंबईच्या सौर दिव्यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या खेड्यांतल्या माणसांनीच शाळकरी मुलांसाठी अभ्यासाचे दिवे जोडले. दुरुस्तही केले. तेही शिकूनच जमलं. तुम्हालाही येईल.

आतून काय ऐकू येतं? पुन्हा टेकवावं, अजून थोडं नीट करावं, असा आग्रह असेल. त्याला येऊ द्या. त्याचं ऐकू नका. भरलेल्या सांध्याला पुन्हा आच देणं म्हणजे आतल्या तारेला पुन्हा तापवणं.

आता दुसरा पाय.

त्याआधी थांबा. पहिला सांधा निवू द्या. बोट जवळ न्या, धग उरली आहे का पाहा. धग संपली, की टोक पुन्हा पुसा आणि सुरू करा. एक.