विचारणे हा अविश्वास आहे काय?

देवस्थानांच्या वार्षिक सभांचा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांस असेलच. जमाखर्च वाचून होतो, उत्सवाचा हिशेब वाचून होतो, आणि मग मागून कोणी एक तरुण महाजन उठून विचारतो, "दीपमाळेच्या दुरुस्तीस एवढी रक्कम कशी लागली, आणि ते काम कोणास दिले होते?" प्रश्न साधाच असतो. परंतु तो विचारला जाताच सभामंडपात अवघडलेली शांतता पसरते. मुखत्यार मान खाली घालून कागद चाळू लागतात, आणि कोणी वडीलधारे गृहस्थ मायेने, पण किंचित रागानेही म्हणतात, "अरे बाबा, वीस वर्षे ते देवाची सेवा करीत आले आहेत. त्यांच्यावरही तुझा विश्वास नाही काय?" तरुण ओशाळून खाली बसतो. त्याच्या प्रश्नास उत्तर मिळत नाही, आणि ते मिळाले नाही हेही पुढे कोणाच्या ध्यानात राहत नाही.

अशा सभा आम्हीही पाहिल्या आहेत, आणि खरे सांगावयाचे तर त्या वडीलधाऱ्यांच्या बाजूने आम्ही मानही हलविली आहे. त्या मान हलविण्यात काही चूक तर नव्हती ना, याचाच विचार आज करावयाचा आहे. विश्वास आणि विचारणा ही परस्परविरोधी आहेत काय? ज्याच्यावर विश्वास टाकला, त्यास प्रश्न विचारणे म्हणजे त्याचा अपमान करणे होय काय? हा प्रश्न देवस्थानापुरता नाही. विधिमंडळे आणि संसद यांचे निम्मे कामकाज याच एका प्रश्नावर उभे आहे, आणि त्याचे उत्तर तिकडे शोधल्यास ते अधिक स्पष्ट दिसेल असे आम्हांस वाटते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, प्रश्न विचारण्याचा अधिकार आपणांस कोणी आनंदाने दिलेला नाही. १८६१ च्या कायद्याने हिंदुस्थानात कायदे कौन्सिले स्थापन झाली, पण तेथे बसलेल्या सभासदांस सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. १८९२ साली ती मिळाली, परंतु उपप्रश्न विचारता येत नसे. म्हणजे सरकारने जे उत्तर दिले ते तोंड मिटून घ्यावयाचे. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्यास उपप्रश्नाचा आणि सभासदांस सार्वजनिक हिताचे ठराव मांडण्याचा अधिकार आला. एकेक पायरी चढावयास जवळजवळ अर्धे शतक लागले. राज्यकर्त्यांस पैशाची, कायद्याची किंवा सैन्याची वाटणी करण्याइतकीच अडचण एका साध्या प्रश्नचिन्हाची वाटत होती, यातच त्या चिन्हाचे सामर्थ्य दिसून येते.

या नव्या अधिकाराचा उपयोग कसा करावा हे आपल्याच कोकणातील कोतळूक गावी जन्मलेल्या एका पुरुषाने दाखवून दिले. १९१० च्या फेब्रुवारीत गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कौन्सिलात ठराव मांडला की, दक्षिण आफ्रिकेतील नाताळकडे करारबंद मजूर, म्हणजेच गिरमिटिये, पाठविणे थांबविण्याचा अधिकार सरकारने हाती घ्यावा. कौन्सिलात बहुमत सरकारचे होते. ठराव आला तरी सरकारवर तो बंधनकारक नव्हता. गोखल्यांच्या हाती होते ते केवळ आकडे, संयम आणि न्यायबुद्धी. सरकारला तो ठराव मान्य करावा लागला, आणि १९११ च्या मध्यापासून नाताळसाठी होणारी भरती बंद झाली. ज्यांस मत नव्हते, ज्यांचा आवाज समुद्रापलीकडच्या उसाच्या मळ्यांतून कोणास ऐकू येत नव्हता, त्यांच्या वतीने एका माणसाने सभागृहात उभे राहून विचारणा केली. एवढेच घडले, पण ते केवढे तरी होते.

गोमंतकाने याची दुसरी बाजू अनुभविली. १९३० साली पोर्तुगालने वसाहतींस कायमचे दुय्यम ठरविणारा कायदा आणला, तेव्हा येथील विधिमंडळात लुईस द मिनेझिस ब्रागांझ यांनी त्याच्या निषेधाचा ठराव मांडला. सालाझारांच्या राजवटीवर त्याचा परिणाम झाला नाही. पुढे तीसहून अधिक वर्षे या भूमीत राज्यकर्त्यास जाब विचारणे हा गुन्हाच समजला गेला. १९६१ च्या डिसेंबरात मुक्ती आली आणि १९६३ च्या डिसेंबरात गोवा, दमण व दीव यांच्या तीस सदस्यांच्या विधानसभेसाठी निवडणूक झाली. ज्यांनी प्रश्नावाचूनचे ते मुके दिवस काढले, त्यांस प्रश्नोत्तरांच्या तासाचे मोल दुसऱ्या कोणी सांगावयास नको होते.

आता मूळ शंकेकडे वळू. प्रश्न म्हणजे अविश्वास काय? संसदेचे नियम याचे मोठे मार्मिक उत्तर देतात. तेथे अविश्वासास स्वतंत्र नाव आहे आणि स्वतंत्र मार्ग आहे. लोकसभेत मंत्रिमंडळावर अविश्वासाचा प्रस्ताव मांडावयाचा तर निदान पन्नास सदस्यांचे पाठबळ लागते, आणि तो संमत झाला तर सरकार जाते. प्रश्न विचारावयास मात्र एकच सदस्य पुरतो, आणि प्रश्नाने सरकार जात नाही. सरकार फक्त उभे राहून उत्तर देते. सर्वसाधारणपणे पंधरा दिवस आधी प्रश्नाची सूचना द्यावी लागते, म्हणजे मंत्र्यास माहिती गोळा करावयास अवधी मिळतो. त्यास अडवून पकडणे हा हेतूच नव्हे. लोकसभेत एका दिवशी वीस तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी घेतले जातात, आणि त्यांवर उपप्रश्न विचारता येतात. दोनशे तीस अतारांकित प्रश्नांस लेखी उत्तरे मिळतात. या लेखी उत्तरांचा गाजावाजा होत नाही. वृत्तपत्रांत त्यांस क्वचितच जागा मिळते. परंतु कोणत्या जिल्ह्यात किती शाळांस छप्पर नाही, कोणत्या धरणाचा खर्च किती वाढला, हे एकदा सहीशिक्क्याने छापले गेले की ते पुन्हा नाकारता येत नाही. गाजणारे भाषण विरून जाते. अतारांकित उत्तर कपाटात पडून राहते आणि वेळ आली की साक्ष देते.

हीच दृष्टी इतर साधनांतही आहे. अर्थसंकल्पावरील एका प्रकारच्या कपात सूचनेत सदस्य म्हणतो, या मागणीतून शंभर रुपये कमी करावे. कोट्यवधींच्या मागणीतून शंभर रुपये! आपण अक्षता टाकतो तेव्हा काही पोटभर तांदूळ वाहत नाही; त्याचप्रमाणे ही शंभर रुपयांची कपातही एक खूण आहे, आणि तिचा अर्थ एवढाच की, या खात्याविषयी आमची एक तक्रार आहे, ती ऐका. लक्षवेधी सूचना ही तर आपल्याच संसदेने १९५४ साली निर्माण केलेली रीत. तातडीच्या गोष्टीकडे मंत्र्याचे लक्ष वेधावे, त्याने निवेदन करावे, पण त्यात निंदेचा ठपका नसावा, असा तिचा हेतू. आणि प्रत्यक्ष अविश्वासाच्या प्रस्तावाची कथाही बोधप्रद आहे. १९६३ च्या ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानी यांनी नेहरूंच्या मंत्रिमंडळावर लोकसभेतील पहिला असा प्रस्ताव आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी फेटाळला गेला, आणि तो फेटाळला जाणार हे सर्वांस आधीच ठाऊक होते. तरीही चार दिवस चर्चा झाली आणि सरकारला आपल्या कारभाराचा खुलासा करावा लागला. मते हरली, विचारणा हरली नाही.

परंतु या सर्वांहून बोलके उदाहरण मुंध्रा प्रकरणाचे. १९५६ साली विम्याचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा झाला आणि लक्षावधी कुटुंबांची पै-पैची बचत आयुर्विमा महामंडळाच्या हाती आली. १९५७ च्या जूनमध्ये या पैशांतून सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर हरिदास मुंध्रा नामक व्यापाऱ्याच्या सहा कंपन्यांत घेतले गेले, आणि तेही महामंडळाच्या गुंतवणूक समितीस न विचारता. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात लोकसभेत याविषयी प्रश्न आला. उत्तराने समाधान झाले नाही. नोव्हेंबरात पुन्हा प्रश्न आला. अखेर डिसेंबरात फिरोज गांधी उभे राहिले आणि त्यांनी तारखा, किमती व व्यवहार यांची एकेक गाठ सोडवून सभागृहापुढे ठेवली.

येथे आमच्या वाचकांनी क्षणभर थांबावे. हे फिरोज गांधी विरोधी पक्षाचे नव्हते. ते सत्ताधारी पक्षाचेच सदस्य होते आणि पंतप्रधानांचे जावई होते. "घरच्यांनीच विचारावे काय?" असे म्हणणारे वडीलधारे तेव्हाही असतीलच. पण ते विचारल्यामुळेच मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश छागला यांची चौकशी नेमली गेली. त्यांनी ती बंद दाराआड न करता उघड्यावर केली. लोकांची गर्दी लोटली. १९५८ च्या फेब्रुवारीत अहवाल आला आणि अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. छागला यांनी सांगितलेली दोन तत्त्वे आम्हांस फार मोलाची वाटतात. सचिवाने केलेल्या कृत्याची जबाबदारी मंत्र्यास झटकता येत नाही, हे एक. आणि सरकारने सर्व वस्तुस्थिती संसदेपुढे अगदी प्रारंभीच ठेवावयास हवी होती, हे दुसरे. पहिल्याच प्रश्नास सरळ उत्तर मिळाले असते तर चौकशीची पाळी आली असती काय? प्रश्नाने सरकारची अब्रू जात नाही. ती जाते अपुऱ्या उत्तराने.

अर्थात आक्षेपाची दुसरी बाजू आम्ही विसरलो नाही. प्रश्नाचाही बाजार होऊ शकतो. १९५१ साली हंगामी संसदेचे सदस्य मुद्गल यांनी मुंबईतील सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन सभागृहात तिची बाजू लढविल्याचे समितीस आढळले. ठराव होण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला, तरी ते हकालपट्टीस पात्र होते असे सभागृहाने नोंदवून ठेवले. २००५ च्या डिसेंबरात पैसे घेऊन प्रश्न विचारण्याच्या आरोपावरून लोकसभेच्या दहा आणि राज्यसभेच्या एका सदस्यास काढून टाकण्यात आले. विकत घेतलेला प्रश्न हा विकत घेतलेल्या साक्षीसारखाच होय. आणि पैसे न घेताही प्रश्न भ्रष्ट होतो: उत्तर काय येते याकडे ज्याचे लक्षच नाही, जो केवळ आपले नाव छापून यावे म्हणून विचारतो, त्याचा प्रश्नही पोकळच.

मग खरा प्रश्न कसा ओळखावा? आमच्या देवळांतच त्याची कसोटी आहे. संकटात सापडलेला मनुष्य देवापुढे उभा राहतो, गाऱ्हाणे घालतो आणि कौल मागतो. ओल्या पाकळ्या मूर्तीस लावल्या जातात. उजवी पडते की डावी, इकडे सर्वांचे डोळे लागतात. देवास असे विचारणे म्हणजे देवावर अविश्वास, असे आमच्या पूर्वजांस कधी वाटले नाही. उलट ज्याच्यावर श्रद्धा आहे त्यासच कौल मागावयाचा. पण तेथे तीन अटी असतात. प्रश्न नेमका हवा. तो चारचौघांसमक्ष हवा. आणि पाकळी डावीकडे पडली तरी ते उत्तर शिरी धरण्याची तयारी हवी. निवडणुकीच्या निकालास आपण जनतेचा कौल म्हणतो, तो शब्द आपण येथूनच उचलला. मात्र त्यामागील ही शिस्त उचलावयास विसरलो.

उत्तर देणाऱ्यावरही तितकेच बंधन आहे. "माहिती गोळा करण्यात येत आहे", "विचार चालू आहे" ही उत्तरे सरकारी भाषेत किती सहज येतात! म्हणूनच लोकसभेने १९५३ साली आश्वासन समिती नेमली. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला की नाही, एवढेच ती पाहते. देवापुढे बोललेला नवस फेडावा लागतो. सभागृहापुढे दिलेला शब्द का फेडू नये? आणि प्रश्न ऐकून घेण्याची सवय मोडणे किती सोपे आहे, हेही आपण पाहिले. २०२० च्या सप्टेंबरात महामारीमुळे संसदेच्या अधिवेशनातून प्रश्नोत्तरांचा तास वगळला गेला. लेखी उत्तरे मिळत राहिली, परंतु उत्तर ऐकून लगेच "मग असे का?" म्हणणारा उपप्रश्न मुका झाला. कारण संकटाचे होते, हे खरे. पण प्रश्न टाळावयास संकटाचे कारण नेहमीच सोयीचे असते, हेही तितकेच खरे.

असो. आम्ही ज्या सभेपासून आरंभ केला तेथेच परत जाऊ. त्या तरुणाने चूक केली नव्हती. मुखत्यारांनीही कदाचित एका पैचा अपहार केला नसेल. आमची तर तशीच समजूत आहे. चूक झाली ती आम्हां मान हलविणाऱ्यांची. आम्ही त्या तरुणास गप्प बसविले, आणि त्याबरोबरच वीस वर्षे सेवा करणाऱ्या त्या गृहस्थास आपला प्रामाणिकपणा चारचौघांत सिद्ध करण्याची संधीही नाकारली. उत्तर न मिळालेला प्रश्न सभा संपल्यावर विरत नाही; तो दीपमाळेखाली, बाजारात, घरोघरी कुजबुजत फिरतो, आणि तेथे त्यास कोणीच उत्तर देऊ शकत नाही. विश्वास विचारण्याने ढळत नाही; कुजबुजीने ढळतो.

म्हणून आम्ही आमच्यापुरता एक निश्चय केला आहे. पुढच्या सभेत कोणी असा प्रश्न घेऊन उठला, तर आम्ही त्यास खाली बसावयास सांगणार नाही. "बाळ, उभाच राहा, उत्तर पुरते ऐकून घे, आणि मग बस," असे म्हणू. देवाचा पैसा असो की राज्याचा, तो सांभाळणाऱ्याचा आम्हांस आदर आहे. तो आदर टिकावा अशीच आमची इच्छा आहे, आणि म्हणूनच आम्ही विचारतो.