लहान तोंडी मोठा घास

जेवताना ठसका लागला की आपल्याकडे म्हणतात, कुणीतरी आठवण काढली. मग टाळूवर थापटणं, 'वर बघ' म्हणणं, पाण्याचा तांब्या पुढे करणं. पण ठसका म्हणजे आवाज, आणि आवाज आहे म्हणजे हवा अजून आत-बाहेर जाते आहे. खरा धोका आवाज थांबल्यावर सुरू होतो. घास श्वासनलिकेत पक्का अडकला की माणूस बोलू शकत नाही, खोकू शकत नाही, नुसता गळा धरतो. आणि आपण मात्र तांब्याच पुढे करत राहतो.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. सुट्टीत गावी आलो की परभणी जिल्ह्यातल्या एका शाळेत सातवीच्या मुलांना यावरचा प्रथमोपचार शिकवतो. खोकता येत असेल तर खोकू द्यायचं. आवाज बंद झाला तर माणसाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा. तरी निघालं नाही तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या थोडं वर मूठ ठेवायची आणि आत-वर असे पाच झटके. मग पुन्हा थापा, पुन्हा झटके. बेशुद्ध पडला तर सीपीआर. तोवर दुसऱ्या कुणीतरी १०८ला फोन करायचा. वर्षाच्या आतलं बाळ आणि गरोदर बाई यांच्या पोटावर झटके द्यायचे नाहीत, त्यांची पद्धत वेगळी. झटक्यांची ही युक्ती हेन्री हाइमलिक या अमेरिकन सर्जनने १९७४मध्ये मांडली. तिला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही.

एकदा एका मुलीने विचारलं, "सर, मी हे सगळं केलं आन् तरी आज्जी गेली तर?"

प्रश्न साधा नाही. न शिकलेली मुलगी असहाय असते, पण निर्दोष असते. शिकवून आपण बारा वर्षांच्या जिवावर आयुष्यभराची टोचणी लादतो का?

२२ ऑगस्ट २०१८ला मुंबईत परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली. दहा वर्षांच्या झेन सदावर्तेने धुरात अडकलेल्या शेजाऱ्यांना ओल्या कापडातून श्वास घ्यायला सांगितलं. हे ती शाळेत शिकली होती. तिला पुढे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार मिळाला. त्या आगीत चार माणसं गेली. त्यांचा हिशोब तिला कुणी विचारला नाही, आणि विचारूही नये. जे येतं ते करणं तिचं होतं. इमारत सुरक्षित ठेवणं मोठ्यांचं होतं.

म्हणून त्या मुलीला मी सांगितलं: करणं तुझं, निकाल तुझा नाही.

पण खरं उत्तर तिच्या घरात आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत मोठी माणसं सकाळीच रानात जातात. घरी आज्जी, पाळण्यातलं बाळ आणि ही. म्हणजे जबाबदारी आपण तिच्यावर कधीच टाकलेली आहे. फक्त ती पेलायचं साधन दिलेलं नाही. हवा बंद झाल्यावर चार मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. तेवढ्या वेळात वाडीवर ॲम्ब्युलन्स पोचेलच याची खात्री कोण देईल? तिला न शिकवणं हे तिचं बालपण जपणं नव्हे. आपण आपल्यापुरती केलेली ती सोय आहे.

अडचण वेगळीच आहे. वेळ आलीच तर या मुलीला आजोबांच्या पाठीत जोरात थापा माराव्या लागतील, पाणी आणणाऱ्या काकूला थांबवावं लागेल. असं बोलणाऱ्या पोराला आपण 'लहान तोंडी मोठा घास' म्हणून गप्प करतो. वयाचा मान ठेवावाच, पण श्वास अडकल्यावर ज्याला माहीत आहे त्याचं ऐकायचं असतं. मुलांना पद्धत अर्ध्या तासात येते. वेळ लागतो तो मोठ्यांना.

म्हणून आता मी मुलांच्या वहीत घरच्यांसाठी एक ओळ लिहून देतो: पोरीने 'पाणी देऊ नका' म्हटलं, तर तांब्या खाली ठेवा.