कुलपाचा प्रश्न

ऑक्टोबर 2019 मध्ये गुगलचा ‘पिक्सेल 4’ बाजारात आला. बोटाचा सेन्सर त्याला ठेवलेलाच नव्हता. तो उघडायचा फक्त चेहरा बघून. थोड्याच दिवसांत लोकांच्या लक्षात आलं, की मालकाचे डोळे मिटलेले असले तरी फोन उघडतो. गाढ झोपलेल्या माणसाच्या तोंडासमोर धरला तरी बिनदिक्कत उघडतो. खरं तर ओळखण्यात फोनची काहीच चूक होत नव्हती. चेहरा मालकाचाच होता आणि फोनही त्यालाच ओळखत होता. तरीही वापरणारे अस्वस्थ झाले, आणि पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये कंपनीला ‘डोळे उघडे असतील तरच’ ही अट घालण्याची सोय द्यावी लागली.

ती अस्वस्थता मला फार मोलाची वाटते. बोट बरं की चेहरा, ही चर्चा एरवी वेग आणि सोयीभोवतीच फिरते: ओल्या हातानं कोणता चालतो, अंधारात कोणता, कोण जास्त लवकर उघडतो. सुरक्षिततेची चर्चाही अखेर एकाच प्रश्नाशी येऊन थांबते, की समोरचा माणूस तोच आहे ना? पण झोपलेला माणूसही ‘तोच’ असतो. बेशुद्ध पडलेला, हात पिरगाळून धरलेला, हेही ‘तेच’ असतात. म्हणजे कुलपानं विचारायला हवेत असे प्रश्न दोन आहेत. तू कोण, हा एक. तुझी इच्छा आहे का, हा दुसरा. शरीरावर चालणारी सगळी कुलपं पहिल्या प्रश्नात तरबेज आहेत. दुसऱ्यापाशी ती अडखळतात. बोट आणि चेहरा यांतला खरा फरक मला तिथेच दिसतो.

हा दुसरा प्रश्न मागे का पडला, हे समजायला ठशांच्या जन्माकडे जावं लागतं. आपल्याकडच्या जुन्या महजरांवर, म्हणजे गावसभेच्या निवाड्याच्या कागदांवर, लिहिता न येणारी माणसं निशाणी करत. पाटलाची निशाणी नांगराची, इतरांची आपापल्या हत्याराची. ती निशाणी माणसाचा गावातला मान आणि धंदा सांगे, आणि तिच्यामागे साक्षीला अख्खी गोतसभा बसलेली असे. नांगराची रेघ कुणालाही काढता आली असती. पण ती कुणी काढली, हे पाहणारे डोळे भोवती होते.

1858 मध्ये बंगालात जंगीपूरला विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई या कंत्राटदाराशी रस्त्याच्या खडीचा करार केला आणि कागदाच्या पाठीवर कोनाईच्या अख्ख्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. हेतू काय होता, हे त्यानंच पुढे लिहून ठेवलं आहे: सही आपली नव्हेच, असं म्हणण्याचा विचारही कोनाईच्या मनात येऊ नये, त्याला धाक बसावा. पुढे हर्शेलनं स्वतःच्या बोटांचे ठसेही वर्षानुवर्षांच्या अंतरानं घेऊन ताडून पाहिले, तेव्हा रेषा बदलत नाहीत हे त्याला उमगलं. तो जिज्ञासू आणि चिकाटीचा माणूस होता, यात शंका नाही. पण पहिला पंजा कागदावर टेकला तो अविश्वासापोटी, आणि साक्षीदारांची जागा त्या दिवशी कातडीनं घेतली.

पुढची वाट सरळ आहे. फ्रान्सिस गॉल्टननं 1892 मध्ये ठशांवर ग्रंथ लिहिला. 1897 मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय उभं राहिलं. हजारो ठशांतून हवा तो काही क्षणांत शोधायचा, तर त्यांचं वर्गीकरण गणितानं करावं लागतं. ते काम तिथल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांच्या बुद्धीवर तोललेलं होतं. पद्धतीला नाव मात्र मिळालं त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचं, आणि आजही जगभर ती ‘हेन्री पद्धत’ म्हणूनच शिकवली जाते. हे हेन्री 1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोलीस दलाची घडी बसवायला गेले आणि पुढच्या वर्षी स्कॉटलंड यार्डात. बंगालात जमलेली विद्या अशी समुद्रापार गेली, आणि ट्रान्सवालमध्ये ती पुन्हा भारतीयांच्याच बोटांशी येऊन ठेपली.

ट्रान्सवालच्या सरकारनं 1906 मध्ये वटहुकमाचा मसुदा काढला: आठ वर्षांवरच्या प्रत्येक आशियाई माणसानं नोंदणी करावी, ठसे द्यावेत, परवाना बाळगावा आणि मागेल त्या शिपायाला दाखवावा. 11 सप्टेंबर 1906 रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात भारतीयांची सभा भरली आणि असा कायदा झाला तर तो मानायचा नाही, अशी शपथ घेतली गेली. सत्याग्रहाचा आरंभ म्हणून आपण ती सभा शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण पुढचं प्रकरण शाळेत फारसं शिकवत नाहीत, आणि मला तेच अधिक विलक्षण वाटतं. तो कायदा झाल्यावर, जानेवारी 1908 मध्ये गांधींनी जनरल स्मट्स यांच्याशी समझोता केला: भारतीयांनी आपणहून नोंदणी करावी, मग सरकार कायदा मागे घेईल. बरेच लोक संतापले. काल जे अपमानास्पद होतं ते आज कसं चालतं? 10 फेब्रुवारीला गांधी नोंदणी कार्यालयाकडे निघाले असताना मीर आलम नावाच्या पठाणानं आणि त्याच्या साथीदारांनी त्यांना रस्त्यात बेदम मारलं. शुद्धीवर आल्यावर गांधींनी अधिकाऱ्याला कागद घेऊन बिछान्याशी बोलावलं आणि दुखऱ्या हातांनी ठसे दिले.

तीच बोटं, तीच शाई, तोच कागद. सक्तीनं घेतलेला ठसा आणि स्वेच्छेनं दिलेला ठसा यांत भिंगाखाली कणभरही फरक सापडणार नाही. गांधींसाठी मात्र सगळा फरक तिथेच होता, इतका की तो सांभाळताना त्यांनी आपल्याच माणसांचा मार खाल्ला. स्मट्स यांनी कायदा मागे घेतला नाही, तेव्हा 16 ऑगस्ट 1908 रोजी हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांहून अधिक परवाने जाळले गेले. दिलेली संमती परत घेता येते, हेही त्याच माणसांनी दाखवून दिलं. आजच्या कुठल्याही सेन्सरला या दोन गोष्टी कळत नाहीत.

ठसा खिशातल्या फोनमध्ये सर्रास आला तो सप्टेंबर 2013 मध्ये, आयफोन 5एस बरोबर. त्यात चित्र साठवत नाहीत. बोटावरचे उंचवटे काचेला टेकतात, खाचांत हवा राहते, त्यामुळे विजेच्या साठ्यात पडणारा बारीक फरक सेन्सर टिपतो आणि रेषा कुठे फुटतात, कुठे संपतात याचा एक आकड्यांचा आराखडा फोनच्या मुख्य चिपमधल्या वेगळ्या, सुरक्षित कप्प्यात ठेवला जातो. फोन बाजारात येऊन काही दिवस होतात न होतात, तोच जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लबनं काचेवर राहिलेल्या ठशाचा फोटो काढून नकली बोट बनवलं आणि फोन उघडून दाखवला. डिसेंबर 2014 मध्ये याच मंडळींनी जर्मनीच्या तेव्हाच्या संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांचा ठसा त्यांच्या हातांच्या फोटोंवरून तयार केला. ज्या खुणेला आपण गुप्त समजतो ती आपण दिवसभर पेल्यांवर, दारांवर, रेल्वेच्या दांड्यांवर ठेवत फिरतो. आणि एकदा चोरीला गेली की बदलता येत नाही. 2015 मध्ये अमेरिकी सरकारच्या कर्मचारी विभागातून 56 लाख माणसांच्या बोटांचे ठसे चोरीला गेल्याचं उघड झालं. ती माणसं नवा पासवर्ड ठेवू शकतील. नवी बोटं कुठून आणणार?

चेहऱ्याची यंत्रणा तंत्र म्हणून थक्क करणारी आहे. नोव्हेंबर 2017 च्या आयफोन एक्सनं चेहऱ्यावर डोळ्यांना न दिसणारे 30,000 हून अधिक अवरक्त बिंदू टाकून नाकाडोळ्यांची खोली मोजायला सुरुवात केली. परक्या माणसाला फोन उघडण्याची शक्यता बोटाच्या बाबतीत 50,000 त एक, तर चेहऱ्याच्या बाबतीत 10 लाखांत एक, असं ॲपलचं म्हणणं. जुळी भावंडं मात्र त्यातून वगळलेली, कारण चेहरा आईबापांकडून येतो. बोटांच्या रेषा गर्भात तिसऱ्या महिन्यापासून पुढे त्या त्या बोटाच्या वाढीप्रमाणे आणि भोवतालच्या दाबाप्रमाणे उमटत जातात, म्हणून एकसारख्या जुळ्यांच्याही रेषा वेगळ्या. आपल्याकडच्या बहुतेक स्वस्त फोनांत तर ही खोली मोजणारी यंत्रणाच नसते. तिथे चेहरा म्हणजे पुढच्या कॅमेऱ्यानं काढलेला साधा सपाट फोटो, आणि अँड्रॉइड अशा चेहऱ्याला कनिष्ठ वर्गात टाकतं, बँकेच्या ॲपसाठी ग्राह्य धरत नाही. पुण्यात ओढणीनं तोंड गुंडाळून दुचाकी चालवणाऱ्या मुलींना सिग्नलला चेहऱ्याचा काही उपयोग नसतो, हे वेगळंच.

पण माझा मुद्दा अचूकतेचा नाही. बोट द्यावं लागतं. हात उचलून, नेमक्या जागी, नेमकं टेकवावं लागतं. त्या छोट्या हालचालीत थोडी का होईना, इच्छा असते. चेहरा द्यावा लागत नाही. तो असतोच, आणि बघणारा तो घेतो. ॲपलच्या अभियंत्यांनाही हे जाणवलं असावं, म्हणूनच त्यांनी नजर फोनकडे वळलेली असावी अशी अट पहिल्यापासून ठेवली. त्यामुळे एक विचित्र गोष्ट घडते. झोपलेल्याचं बोट हळूच उचलून सेन्सरवर ठेवता येतं, पण त्याची नजर वळवता येत नाही. म्हणजे त्या एका प्रसंगी चेहराच बोटापेक्षा संमतीला अधिक जपतो. मी बोटाच्या बाजूचा आहे, तरी हे मान्य करायला हवं. फक्त, फोन तोंडासमोर आला की माणूस त्याच्याकडे बघतोच. बघणं आणि परवानगी देणं यांतलं अंतर फार थोडं उरतं.

बोटाच्या बाजूनं बोलताना मला एक गोष्ट मात्र टोचते. नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातलं पहिलं आधार दिलं गेलं, आणि त्यानंतर रेशन दुकानाच्या मशीनवर अंगठा टेकणं गावोगावच्या माणसांच्या नशिबी आलं. ज्यांनी आयुष्यभर ऊस तोडला, विटा वाहिल्या, राखेनं भांडी घासली, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. ‘मशीन अंगठा घेत नाही’ म्हणतात, मग बोट पदराला पुसायचं, केसांवरून फिरवायचं, दुसरं बोट, तिसरं बोट. काम जितकं कष्टाचं तितकी ओळख पुसट, हा न्याय कुठल्याही यंत्राला शोभत नाही. इथे चेहरा मदतीला येतो, आणि त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं. नोव्हेंबर 2021 पासून निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला चेहरा दाखवून देण्याची सोय झाली. थरथरत्या, गुळगुळीत झालेल्या बोटांच्या म्हाताऱ्या माणसांचं बँकेत ताटकळणं त्यानं कमी झालं. तिथे मात्र प्रश्न खरोखर पहिलाच असतो: तुम्ही तेच ना, आणि हयात आहात ना? त्या प्रश्नाला चेहरा पुरेसा आहे.

फोन हा हयातीचा दाखला नव्हे. त्यात माणसाची पत्रं असतात, औषधांच्या चिठ्ठ्या, भांडणं, प्रेम, कर्ज, देव. 2018 मध्ये फ्लोरिडातल्या लार्गो शहरातले दोन पोलीस अधिकारी पोलिसांच्याच गोळीनं मेलेल्या एका तरुणाचा फोन घेऊन अंत्यसंस्कारगृहात गेले आणि त्याचं बोट सेन्सरवर टेकवून बघितलं. फोन उघडला नाही. कायद्यानं त्यांना अडवलं नव्हतं. अडवलं ते फोननं.

आपल्याकडच्या कायद्याचं या बाबतीतलं मूळ मुंबई राज्यात आहे. ‘स्टेट ऑफ बॉम्बे विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी ठरवलं, की आरोपीकडून ठसा घेणं म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे. साक्ष म्हणजे मनातलं ज्ञान सांगणं. बोटाची रेष ही नुसती वस्तुस्थिती. त्या काळासाठी हे तर्कशुद्ध होतं. 1961 मध्ये ठसा एवढंच सांगू शकत होता, की हे बोट त्या पेल्यावरचंच आहे की नाही. 2022 च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानं पोलिसांचा अधिकार बुबुळांपर्यंत वाढवला, पण ठशामागची कल्पना तीच जुनी राहिली. दरम्यान 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपण हा मूलभूत हक्क ठरला, आणि फोनच्या पासवर्डबाबत वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळे सूर लावले. डोक्यातला आकडा ज्ञानात मोडतो, बोट वस्तूत. दोन्ही मात्र एकच दार उघडतात.

फोन बनवणाऱ्यांना हे कळतं. म्हणून तर बंद करून चालू केलेला फोन पहिल्यांदा बोट किंवा चेहरा मानत नाही, आकडाच मागतो. बोट हा आकड्याचा मुनीम आहे, मालक आकडाच. आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र दाबून धरलं की चेहरा चालेनासा होतो, अँड्रॉइडवर ‘लॉकडाउन’ नावाची तशीच सोय आहे. ही सोय विकताना कुणी सांगत नाही, पण ती प्रत्येकाला ठाऊक असायला हवी, बातमीदाराला, वकिलाला आणि नवऱ्याच्या संशयाखाली जगणाऱ्या बाईला तर नक्कीच. झोपेत तिचं बोट कुणी उचललं, हे सांगायला ती पोलीस ठाण्यात गेली तर तक्रार कोणत्या कलमाखाली लिहायची, याचं उत्तर ठाणे अंमलदाराकडे तयार असायला हवं. बोट पेल्यावरच्या ठशाशी ताडण्यासाठी मागितलं आहे की दार उघडण्यासाठी, हा भेद कायद्याच्या पुस्तकात लिहिला जायला हवा, आणि दुसऱ्या कामासाठी न्यायाधीशाचा लेखी हुकूम लागायला हवा, जसा घराच्या झडतीसाठी मागता येतो.