आजचे चिंतन : माथा दिसत असताना (गीता, अध्याय 6, श्लोक 35)



अर्जुन म्हणतो, मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही. भगवंत ते नाकारत नाहीत. दोन साधनं सांगतात, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास आपल्याला लगेच पटतो. जिम असो की रोजची माळ, करत राहायचं. वैराग्य मात्र आपण संन्याशांच्या खात्यात टाकून मोकळे होतो. मला त्याचा थोडा अर्थ लागला तो लिंगाण्यावर.

रायगडासमोरचा हा सुळका. शिवकाळात इथे कैदी ठेवत. मोहरीतून पहाटे निघून बोराट्याच्या नाळेने उतरलो आणि चढाई सुरू केली. दोर घेऊन पुढे मी होतो. सह्याद्रीचा कातळ म्हणजे लाव्हाचे थर. एका हाताला लोखंडासारखा लागतो, दुसऱ्या हाताला गवतासकट सुटून येतो. वरच्या टप्प्यात माझ्या पायाखालून एक धोंडा सुटला आणि खाली दोर सांभाळणाऱ्या मित्राच्या हातभर बाजूने गेला. तो काही बोलला नाही. मी मात्र पाच मिनिटं वरच बघत राहिलो. खरं सांगू? त्या पाच मिनिटांत मला मित्र दिसत नव्हता. मागे रायगड घेऊन काढायचा फोटो दिसत होता.

मग उतरलो. आणि घरी आल्यावर दुसराच किडा डोक्यात शिरला. मागे तर अर्जुनही फिरत होता! धनुष्य खाली ठेवताना त्यानेही वैराग्याचीच भाषा केली होती, आणि दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी त्याला स्पष्ट दुबळेपणा म्हटलं. मग माझं उतरणं नक्की काय होतं?

‘फ्री सोलो’ हा माहितीपट बऱ्याच जणांनी पाहिला असेल. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी या हिमनद्यांनी कोरलेल्या दरीत एल कॅपिटन हा सुमारे 3000 फुटांचा ग्रॅनाइटचा कडा आहे. 3 जून 2017 ला अ‍ॅलेक्स होनॉल्ड तो दोराशिवाय, 3 तास 56 मिनिटांत चढला. (तसं करा असं मी अजिबात म्हणत नाही.) पण त्याआधी, 2016 मध्ये, तो एकदा निघून खालच्याच टप्प्यावरून परतला होता. कॅमेरे लागलेले होते, तरी परतला. मग पुन्हा दोर बांधून तीच वाट, तेच पकडीचे कोपरे, महिनोन्‌महिने. फळ सोडलं, अभ्यास नाही सोडला. अर्जुन तर कर्मच सोडायला निघाला होता. मला वाटतं फरक इथेच कुठेतरी आहे, आणि तो परतण्याच्या क्षणी कळत नाही. पुढच्या आठवड्यात आपण काय करतो त्यावरून कळतो.

आमच्या कट्ट्याला नारळ काढायला एक काका येत. पायात दोराचा फास अडकवून सरसर माडावर चढत. पण खोड ओलं असलं की हात लावून बघत आणि सरळ घरी जात. माझ्या लहानपणी मला ते भित्रे वाटायचे. दुसऱ्या दिवशी ते परत आलेले असत, ते तेव्हा लक्षातच आलं नाही.

लिंगाण्याची गोष्ट फोनवर आजीला सांगितली. तिने एवढंच विचारलं, “थंय वर देव असा काय रे?” मी म्हटलं, माहीत नाही, पोचलोच नाही. ती हसली. “मगे खाली दोर धरून होतो तो कोण?”

मी गप्प.

गेल्या रविवारी मुंब्र्याच्या कातळावर सरावाला जाऊन आलो. लिंगाण्याची तारीख अजून ठरलेली नाही. मित्र म्हणतो, या वेळी पुढे तो, दोर मी सांभाळायचा.

उद्या श्लोक 36.

श्रीकृष्णार्पणमस्तु.