उसने पुस्तक

सातव्या आज्ञेशी आमचे संबंध आजवर सलोख्याचे राहिले आहेत. लहानपणी शेजारच्या वाडीतील कैऱ्यांवर आम्ही दोन-चारदा हात टाकला होता. परंतु त्याचे पापनिवेदन यथाकाल झाले आणि प्रायश्चित्ताची व्यवस्था वडिलांनी घरीच केली. तेव्हापासून ‘चोरी करू नको’ हे शब्द कानी पडले की, इतरांकडे पाहण्याची आम्हांस सवय लागली. ती सवय गेल्या नाताळापूर्वी मोडली आणि त्यास कारण झाले आमचे पुस्तकांचे कपाट.

नाताळ जवळ आला की आमच्या घरी रंगकाम निघते. भिंत रंगवावयाची तर कपाट हलवावे लागते, आणि कपाट हलवावयाचे तर पुस्तके उतरवावी लागतात. सौभाग्यवतींनी पदर खोचून एकेक पुस्तक झटकले आणि जमिनीवर दोन ढीग रचले. त्यांतील एक रद्दीवाल्यासाठी असावा, अशा समजुतीने आम्ही पुस्तकांच्या रक्षणार्थ धावलो. त्या शांतपणे म्हणाल्या, “अहो, रद्दी नाही ती. हा ढीग आपल्या पुस्तकांचा आणि तो लोकांच्या.”

लोकांच्या ढिगात सतरा पुस्तके होती.

वाचकहो, आमच्यापाशी एक वही आहे. आमची कोणती पुस्तके कोणी, कोणत्या तारखेस नेली आणि परत केली नाहीत, याची नोंद आम्ही तीत चाळीस वर्षे निष्ठेने ठेवली आहे. तिच्यामुळे काही लग्नांत आम्ही जेवलो ते यजमानांकडे रोखून पाहतच. परंतु आपण कोणाकडून काय आणले, याची वही आम्ही कधी ठेवली नाही. दिलेले पक्के लक्षात आणि घेतलेले कच्चे, अशी मनुष्यमात्राची जमाखर्चाची रीत आहे. आम्ही तिला अपवाद नव्हतो.

पकडला गेलेला मनुष्य तत्त्वज्ञ होतो. आम्हीही झालो. पैसा आणि पुस्तक यांत मूलभूत भेद आहे, असे आम्ही प्रतिपादन केले. पैसा खर्चिला की संपतो. पुस्तक वाचले म्हणून त्यातील एक अक्षरही कमी होत नाही. मग मालकाचे नुकसान ते काय? रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध केले, त्यांतील पहिलाच नियम ग्रंथांच्या उपयोगाचा आहे. एके काळी युरोपात ग्रंथ साखळीने फळीला बांधून ठेवीत. इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथेड्रलात तसे ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. “आम्ही तर ग्रंथांना बंधमुक्त केले,” असा आम्ही समारोप केला.

सौभाग्यवतींनी रंगनाथन वाचलेले नाहीत. त्या म्हणाल्या, “शेजारणीचं पातेलं आपण परत करतो ना? तेही रिकामं नाही, काहीतरी घालूनच देतो. तुम्ही तर पातेलंच ठेवून घेतलंत.”

अधिक आधार हवा म्हणून आम्ही १९९२ साली प्रसिद्ध झालेला ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणग्रंथ उघडला. (सुदैवाने तो आमच्या मालकीचा निघाला.) पळवाट शोधावयास गेलो आणि २४०९ क्रमांकाच्या परिच्छेदात अडकलो. दिवाणी कायद्याची हरकत नसली तरीही, उसनी आणलेली वस्तू जाणूनबुजून ठेवून घेणे सातव्या आज्ञेच्या विरुद्ध आहे, असा त्याचा आशय आहे. ‘जाणूनबुजून’ या एका शब्दाच्या आश्रयाने आम्ही दोन दिवस काढले. आम्ही विसरलो होतो, हे खरे. परंतु सतरा पुस्तके डोळ्यांसमोर मांडलेली असता विसरल्याचे सोंग आणावे कसे?

नातवाने मात्र आधुनिक तोडगा सुचविला. “आजोबा, ई-बुक घ्या ना. कोणी मागायला येणार नाही, कोणाचं आपल्याकडे राहणार नाही.” तोडगा बिनतोड होता. तथापि २००९ साली हक्कांचा काही घोळ झाला म्हणून अॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या ग्राहकांच्या किंडलमधून परस्पर काढून घेतल्या होत्या, हे आम्हांस आठवले. पैसे परत मिळाले, मागाहून क्षमायाचनाही झाली. त्यांतील एक कादंबरी तर नको असलेले कागद नाहीसे करणाऱ्या राजवटीविषयीचीच होती! पुस्तक बुडविणारा मित्र बरा; तो निदान तोंड चुकवितो, म्हणजे त्याला लाज असते. उसने देण्याघेण्याचा व्यवहारच संपला तर बुडविणे संपेल हे खरे, परंतु त्यासोबत विश्वास टाकणेही संपेल.

आपल्या समाजावर तर उसन्या पुस्तकांचे थोर उपकार आहेत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले; पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ तगला तो हस्तलिखितांच्या बळावर, आणि त्यांच्याच आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे तो पुन्हा छापला. आता नक्कल व्हावयाची तर कोणीतरी आपली पोथी विश्वासाने उघडी करावी लागते, आणि दुसऱ्याने ती काम होताच जेथल्या तेथे पोहोचवावी लागते. त्या परंपरेत आमच्यासारखे दोन-चार रसिक निघाले असते, तर पोथीचा प्रवास आमच्या कपाटाशी संपला असता.

सारांश, आम्ही पिशवी घेऊन निघालो. अकरा पुस्तके मालकांच्या हाती दिली. एका गृहस्थांनी पुस्तक उलटसुलट करून, “हे माझे नव्हेच, मीही उसनेच आणले होते,” अशी कबुली दिली. तेव्हापासून त्यांचीही झोप उडाली आहे. पाच पुस्तकांचे मालक सापडले नाहीत. ती मूळ नावांसह गावच्या वाचनालयात ठेवली.

उरले एक. ते आमच्या एका शिक्षकमित्राचे होते. त्यांना जाऊन नऊ वर्षे झाली. त्यांच्या अंत्यविधीस आम्ही गेलो होतो, डोळे पुसले होते आणि त्यांचे पुस्तक ज्या घरी होते त्या घरी परतलो होतो. आम्ही ते त्यांच्या कन्येच्या हाती ठेवले. तिने पाने चाळली आणि मध्येच थांबली. समासात पेन्सिलीने बारीक टिपणे होती. “बाबांचं अक्षर!” एवढेच ती म्हणाली. घर बदलताना वडिलांची सारी पुस्तके आणि वह्या रद्दीत गेल्या होत्या. थोड्या वेळाने ती संकोचून म्हणाली, “काका, आमचं शिक्षण सगळं इंग्रजीत झालं. हे अक्षर मला नीट लागत नाही. वाचून दाखवाल?”

आम्ही वाचले. ‘हे पटत नाही. पुन्हा वाचणे.’ ती हसली आणि मग रडली. हे पुस्तक आम्ही दोनदा वाचले होते. समासाकडे एकदाही पाहिले नव्हते.

वाचल्याने पुस्तकातील अक्षर कमी होत नाही, हा आमचा सिद्धान्त त्या क्षणी कोसळला. अक्षर कमी झाले नव्हते. एका मुलीची नऊ वर्षे मात्र वडिलांच्या अक्षरावाचून गेली होती. वस्तू परत करता येते, मधला काळ परत करता येत नाही. उसन्याचे खरे ओझे ते हेच, आणि म्हणूनच भांडे रिकामे परत करू नये असा रिवाज आपल्या वाडवडिलांनी पाडला असावा. आता रविवारच्या मिस्सेनंतर आम्ही तिच्याकडे जातो आणि एकेक निबंध वाचून दाखवितो. समास मात्र ती स्वतः वाचते. अडखळते, पण आम्ही सांगत नाही.

ती वही आम्ही फाडलेली नाही. तेवढे साधुत्व अंगी आलेले नाही. शेवटच्या पानाकडून मात्र नवी नोंद सुरू केली आहे: आम्ही कोणाचे काय आणले. वाचकांपैकी कोणाचे पुस्तक आमच्याकडे राहिले असल्यास त्यांनी अवश्य कळवावे. आणि आमची पुस्तके ज्यांच्याकडे आहेत, त्यांनीही निःसंकोच यावे. आम्ही तारीख विचारणार नाही. ती आम्हांस पाठ आहे.